दिसत नाही म्हणजे विझला असं नाही

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. पण गेल्या दिवाळीतली एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. ताईने ती सगळ्या नातेवाईकांत तिच्या पद्धतीने सांगून टाकलेलीच आहे. निदान माझी बाजू कुठेतरी नोंदलेली असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाईजवळच्या आमच्या गावच्या घरात पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडांची एक जोडी राहते. कित्येक वर्षं आहेत. आमच्या काकूला ती अजिबात आवडत नाहीत, पण त्यांना हाकलायचीही तिची तयारी नाही. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं आणि घासत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं तिने लहानपणी ऐकलंय. अंधश्रद्धेने कुणाचा तरी जीव वाचल्याचं हे एक उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. तर ह्या जोडीचं रात्रीचं येणंजाणं, पिलांना उंदीर भरवणं वगैरे कॅमेऱ्यात पकडायची माझी जुनी हौस. आता काळोखात चित्रण करायचं म्हणजे उजेड पाहिजे, आणि उजेड पाडला की घुबड येत नाही.

ह्यावरचा उपाय म्हणजे इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातले अवरक्त किरण. मी एक साधी ॲल्युमिनियमची टॉर्च घेतली, आतला पांढरा एलइडी काढला आणि त्याजागी ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलइडी बसवला. (आमच्याकडे टॉर्चला अजून बॅटरीच म्हणतात आणि बॅटरीला सेल. इथून पुढे मी टॉर्चच म्हणतो, नाहीतर गोंधळ होईल.) माणसाच्या डोळ्याला साधारण ७००-७५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. त्यापुढचा दिसत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला मात्र तो व्यवस्थित दिसतो. कॅमेऱ्यात त्याला अडवणारी एक काच मुद्दाम बसवलेली असते, ती काढली की झालं. काळोख्या पोटमाळ्यावर टॉर्च लावायची. आपल्याला काळोखच, घुबडालाही काळोखच, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर लख्ख दिवस.

तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी ही टॉर्च पोटमाळ्याच्या जिन्यात एका फळीवर लावून ठेवली होती आणि खाली पडवीत बसून कॅमेऱ्याचा छोटा पडदा बघत होतो. घुबडांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात पडद्यावर एक चेहरा आला. आधी नुसता कान, मग गाल, मग अख्खा चेहरा. पांढराफटक, चुन्यासारखा, आणि डोळ्यांच्या जागी दोन मोठ्ठी चकाकणारी भोकं. तो माझा सात वर्षांचा भाचा होता. टॉर्च हातात घेऊन, वीतभर अंतरावरून, तो तिच्या काचेत डोळा लावून बघत होता. पापणीही हलत नव्हती.

मी जिना कसा चढलो ते मला आठवत नाही. टॉर्च हिसकावून घेतली, कदाचित जरा जोरातच. पोरगं रडायला लागलं. ताई धावत आली. "अरे बंदच तर होती ना ती!" हे तिचं पहिलं वाक्य. ती चालू होती, हे मी सांगितल्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाच्याला विचारलं, का रे बघत होतास? तो म्हणाला, "मामा, आत काहीतरी लाल लाल होतं." खरंच आहे. ८५० नॅनोमीटरचा एलइडी थेट समोरून पाहिला तर विझत आलेल्या निखाऱ्याएवढा मंद तांबडा ठिपका दिसतो. बाजूने काहीही दिसत नाही. म्हणजे ती टॉर्च आपण चालू असल्याचं सांगत होती, पण फक्त जो तिच्या तोंडात डोळा घालेल त्यालाच!

दोन दिवसांनी भाऊबीज. ती सोडून आम्ही साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्यांनी पडदा तपासला. सगळं ठीक होतं. पण त्यांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. तीव्र उजेड डोळ्यावर पडला की आपण पाव सेकंदात पापणी मिटतो, मान फिरवतो, बाहुली बारीक होते. डोळ्याचा हा पहारेकरी फक्त दिसणाऱ्या उजेडाला ओळखतो. इन्फ्रारेड आत शिरला तर त्याला जागच येत नाही. उलट काळोख आहे म्हणून बाहुली सताड उघडी, आणि सगळी ऊर्जा सरळ आत.

घरी आल्यावर ताईने फर्मान काढलं. एकतर ही टॉर्च विहिरीत जाईल, नाहीतर ती चालू आहे हे कुणालाही, अगदी काकूलाही, लांबून कळेल अशी सोय होईल. मी दुसरा पर्याय निवडला. म्हटलं एक छोटा दिवा बसवायचा, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम.

अर्ध्या तासाच्या कामाला पाच महिने लागले. कारण मी वाचत बसलो.

*

ह्या न दिसणाऱ्या उजेडाची गोष्ट १८०० सालची. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतल्या हानोव्हरचा वादक. इंग्लंडला येऊन त्याने संगीतावर पोट भरलं, आणि हौसेखातर स्वतः आरसे घासून दुर्बिणी बनवल्या. तशाच एका दुर्बिणीतून १७८१ साली त्याला युरेनस सापडला. (त्याची बहीण कॅरोलाइन रात्र रात्र त्याच्या नोंदी उतरवून घ्यायची, पुढे तिने स्वतः अनेक धूमकेतू शोधले. भावांचे उद्योग निस्तरणाऱ्या बहिणींची परंपरा जुनी आहे, ताई.) सूर्य बघण्यासाठी हर्शेल वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरत असे. त्याच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळ्याला ऊब जास्त लागते, आणि काहींतून उलट. म्हणजे प्रत्येक रंगाची उष्णता वेगळी असते की काय?

त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात काळा केलेला थर्मामीटर ठेवला. शेजारी सावलीत तुलनेसाठी दुसरे. जांभळ्यात पारा २ फॅरनहाइट अंश चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ सात. मग त्याने थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे सरकवला, जिथे डोळ्याला काहीच रंग दिसत नव्हता. पारा तिथेही चढत होता.

मला ह्या प्रयोगातली गंमत आता समजते. हर्शेलला अवरक्त किरण दिसले नाहीत, ते कुणालाच दिसत नाहीत. त्याला दिसला तो पारा. न दिसणाऱ्या उजेडाचा पहिला 'इंडिकेटर' म्हणजे तो थर्मामीटर. किरण सापडले त्याच दिवशी त्यांना सोबत एक दाखवणारा लागला होता.

पुढे ह्या उजेडाचा उपयोग काय झाला हे सांगायला नकोच, माणसाने तो आधी बंदुकीवर बसवला. १९३४ साली हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत होल्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अवरक्त चित्राचं दिसणाऱ्या चित्रात रूपांतर करणारी नळी बनवली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांकडे 'व्हॅम्पिर' नावाचं उपकरण होतं, आणि अमेरिकन सैनिकांनी १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत 'स्नायपरस्कोप' वापरला. दोन्हींची कल्पना माझ्या टॉर्चसारखीच. दिव्यावर दिसणारा उजेड अडवणारी काच, वर दुर्बिणीत ती नळी, आणि बॅटरीचं ओझं सैनिकाच्या पाठीवर. ह्यातला धोका सैनिकांना फार लवकर कळला असणार. शत्रूकडेही तशीच दुर्बीण असेल तर तुमचा न दिसणारा दिवा त्याला कंदिलासारखा दिसतो. म्हणूनच पुढे व्हिएतनामच्या युद्धापर्यंत चांदण्यांचाच उजेड हजारोपट वाढवून दाखवणाऱ्या दुर्बिणी आल्या आणि हे दिवे मागे पडले. काळोख हा ज्याच्या त्याच्या डोळ्यातला असतो, हेच खरं.

*

आता एलइडी. मला आपलं वाटायचं की आधी लाल एलइडी आला, मग हिरवा, मग निळा-पांढरा, आणि रिमोट कंट्रोलमधला इन्फ्रारेड कधीतरी नंतर. उलटं आहे हो!

खडाला वीज लावली की तो उजळतो हे १९०७ साली मार्कोनीचा सहायक हेन्री राउंड ह्याने पाहिलं आणि एका मासिकात चार ओळींची नोंद पाठवली. पुढे कुणी लक्ष दिलं नाही. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह ह्या तरुणाने तेच पुन्हा पाहिलं, पण त्याने नीट अभ्यास केला, निबंध लिहिले. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. वय ३८. त्याच्या शोधाचं चीज झालेलं त्याने पाहिलं नाही.

मग १९६१. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जेम्स बिअर्ड आणि गॅरी पिटमन हे दोघे गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडवर काम करत होते. तो डायोड प्रकाश देतोय हे त्यांच्या लक्षात आलं, पण तो प्रकाश होता ९०० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे त्यांच्या टेबलावर जगातला पहिला कामाचा एलइडी पेटला होता आणि तो नुसत्या डोळ्यांनी त्यांनाही दिसत नव्हता! त्यासाठी इन्फ्रारेड मायक्रोस्कोप लागला. ऑक्टोबर १९६२ मध्ये कंपनीने तो विक्रीलाही आणला.

आणि त्याच ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसला जनरल इलेक्ट्रिकमध्ये, निक होलोन्याक ह्याने त्या मिश्रणात फॉस्फरस घालून प्रकाश दिसणाऱ्या टापूत खेचून आणला. लाल. होलोन्याक हा इलिनॉयच्या कोळसा खाणीतल्या मजुराचा मुलगा, ट्रान्झिस्टरवाल्या जॉन बार्डीनचा विद्यार्थी. बाकीचे लोक इन्फ्रारेडवर समाधानी असताना हा मनुष्य 'दिसलं पाहिजे' म्हणून हटून बसला होता. २०२२ साली, ९३ व्या वर्षी तो गेला. १९६८ च्या सुमारास मोन्सँटो कंपनीने असे लाल एलइडी मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली, आणि मग ते जिकडेतिकडे यंत्रांच्या तोंडावर लुकलुकायला लागले.

म्हणजे आधी न दिसणारा दिवा आणि लगोलग दिसणारा. मी माझ्या टॉर्चमध्ये शेजारी शेजारी जे दोन एलइडी बसवायला निघालो होतो, ते जन्मालाच एकमेकांच्या पाठोपाठ आले होते. हे कळल्यावर मी उगाचच दोन दिवस खूश होतो.

तसे दाखवणारे दिवे एलइडीच्या आधीही होतेच. आपल्या घराघरांतला टेस्टर आठवा. त्यातली नारिंगी ठिणगी म्हणजे निऑनचा दिवा. तो छोटा निऑन दिवा जनरल इलेक्ट्रिकच्याच डॅनियल मूरने १९१७ साली बनवला. स्विचबोर्डावरचा लाल इंडिकेटर पूर्वी बहुतेक तोच असायचा. २००५ च्या आसपासचं लोडशेडिंग ज्यांनी भोगलंय त्यांना त्या दिव्याचं मोल वेगळं सांगायला नको. बटणं सगळी बंद करून काळोखात बसायचं, आणि "आली का?" असं कुणी विचारलं की सगळ्यांची मान एकदम त्या बोर्डाकडे. तो ठिपका उजळला की आरोळी, "आलीऽऽऽ!" अख्ख्या चाळीचा पंखा, टीव्ही, मिक्सर, सगळं त्या दाण्याएवढ्या दिव्यावर विश्वास ठेवून सुरू व्हायचं.

*

विश्वास. इथे मी अडकलो.

टॉर्चची जोडणी सोपी आहे. शेपटीत बटण, पोटात एक लिथियमचा सेल, डोक्यात ड्रायव्हरची गोल पट्टी. पट्टीच्या मध्यावर धन, कडेला ऋण. बटण दाबलं की ह्या दोघांत सेलचा दाब येतो, भरलेल्या सेलला ४.२ व्होल्ट, रिकामा होत आला की ३ च्या आसपास. ह्या दोन बिंदूंमध्ये एक तीन मिलिमीटरचा लाल एलइडी आणि त्याच्यासोबत एक किलोओहमचा रेझिस्टर. लाल एलइडीला साधारण १.९ व्होल्ट लागतात. उरलेले सव्वादोन-अडीच व्होल्ट रेझिस्टर खातो, म्हणजे करंट दोन-सव्वादोन मिलीअँपिअर. सेल संपत आला तरी एक राहतो. तेवढ्यात ठिपका झकास दिसतो आणि सेलला पत्ताही लागत नाही. रेझिस्टर विसरायचा नाही, एलइडीला 'पुरे' म्हणता येत नाही, मिळेल तेवढं पितो आणि मरतो. एलइडीसाठी टॉर्चच्या डोक्याला बाजूने भोक पाडायचं. ते मी आमच्या लेथवाल्याकडून पाडून घेतलं, आणि भोवती अराल्डाइट भरलं.

(शेपटीतल्या बटणाला समांतर दिवा लावला तर काय होईल, हा गृहपाठ. उत्तर: टॉर्च बंद असताना तो लागेल आणि चालू केली की विझेल, काळोखात चमकणाऱ्या बेलच्या बटणासारखा. बटण सापडायला उत्तम, पण मला पाहिजे त्याच्या बरोब्बर उलट.)

सगळं जोडलं, बटण दाबलं, लाल ठिपका उजळला. कॅमेऱ्यात बघितलं तर पडदा काळा. इन्फ्रारेड एलइडीची एक तार डाग देताना सुटली होती. दिवा छान सांगत होता, "चालू आहे". आणि टॉर्च मेलेली होती.

तेव्हा मला थ्री माइल आयलंड आठवलं.

२८ मार्च १९७९, पहाटेचे चार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीतल्या बेटावरची अणुभट्टी. पंप बंद पडले, भट्टीतला दाब वाढला, म्हणून ठरल्याप्रमाणे एक झडप आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती. कंट्रोलरूममधला तिचा दिवा विझला. चालकांनी तो पाहिला आणि झडप मिटली असं धरून चालले. पण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडप उघडी धरणाऱ्या विजेला जोडलेला होता. वीज गेली म्हणून दिवा विझला, झडप मात्र अडकून उघडीच राहिली. सुमारे सव्वादोन तास भट्टीतलं पाणी तिथून वाहून जात होतं, आणि बाकीचे काटे चालकांना उलटसुलट सांगत होते. गाभ्याचा मोठा भाग वितळला. राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे प्रमुख होते जॉन केमेनी, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत जी बेसिक भाषा शिकली ती बनवणाऱ्या दोघांपैकी एक.

"मिट असं सांगितलंय" आणि "मिटली आहे" ह्यांत केवढा फरक! ताईच्या भाषेत सांगायचं तर, पोराला अभ्यास कर म्हणून सांगणं आणि पोराने अभ्यास करणं.

दुसरी गोष्ट त्याच्या उलट. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र. न्यूयॉर्कहून मायामीला जाणारं ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं ट्रायस्टार विमान. उतरण्यासाठी चाकं खाली सोडली, पण पुढचं चाक नीट बसल्याचा हिरवा दिवा लागला नाही. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेऊन २००० फुटांवर ऑटोपायलटवर सोडलं आणि ते त्या दिव्याच्या मागे लागले. तो काढून बघ, परत बसव, खाली उतरून चाक डोळ्यांनी बघ. ह्या गडबडीत ऑटोपायलटची उंची धरून ठेवण्याची सोय सुटली, बहुधा कुणाचा तरी दांड्याला धक्का लागून. विमान हळूहळू खाली येत गेलं. खाली एव्हरग्लेड्सची दलदल, मिट्ट काळोख. १७६ पैकी १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली होतं. फक्त दिव्यातले छोटे बल्ब गेले होते.

एका ठिकाणी दिवा विझला म्हणून लोकांनी सगळं ठीक आहे असं मानलं. दुसऱ्या ठिकाणी दिवा लागला नाही म्हणून काहीतरी बिघडलंय असं मानलं. दोन्ही दिवे आपल्या परीने खरंच बोलत होते. एक म्हणत होता, "माझ्यापर्यंत वीज येत नाही." दुसरा म्हणत होता, "मी स्वतःच गेलोय." माणसांनी त्यातून ऐकलं ते वेगळंच.

*

सुटलेली तार पुन्हा जोडली. मार्चमध्ये गावी गेलो आणि मोठ्या दिमाखात टॉर्च सगळ्यांसमोर लावली. लाल ठिपका. ताई म्हणाली, "हं." भाच्याने निरखून बघितलं आणि म्हणाला, "मामा, लाल आहे म्हणजे बंद आहे ना?"

मी गप्प. त्याच्या घरचा टीव्ही बंद असला की कोपऱ्यात लाल दिवा, चालू केला की तो जातो. सिग्नलला लाल म्हणजे थांबलेलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या डोक्यात होता स्विचबोर्ड आणि 'आलीऽऽऽ'. त्याच्या जन्माच्या आधीचं ते सगळं. मी लाल रंग निवडला होता कारण लाल उजेडाने काळोखाला सरावलेली नजर कमी बिघडते, आणि मनातल्या मनात होलोन्याकसाठी. पण ज्याच्यासाठी दिवा बसवला त्याला काय वाटेल, हे विचारायचंच राहिलं होतं.

शेवटी त्यालाच विचारलं, की बाबा रे, 'इकडे बघू नकोस' हे तुला कशाने कळेल? त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "ॲम्ब्युलन्ससारखं."

तर आता तिथे लुकलुकणारा लाल एलइडी आहे. तसे मिळतात, उघडझाप करणारी चिप आतच असते. दिवा डोक्याच्या बाजूला थोडा बाहेर काढलाय, म्हणजे समोरून येणाऱ्यालाही दिसतो आणि मागच्यालाही. शिवाय दोन नियम केलेत, भाच्याच्याच अक्षरात लिहून टॉर्चला कागद गुंडाळून वर सेलोटेप मारलाय. पहिला: लुकलुकत असेल तर समोर जायचं नाही. दुसरा: लुकलुकत नसेल तरी काचेत बघायचं नाही. दुसरा नियम ईस्टर्नच्या विमानाचा. लाल एलइडीही कधीतरी जाईलच की. आणि माझ्यापुरता तिसरा, जो लिहिला नाही: काम झालं की सेल बाहेर काढून शर्टाच्या खिशात. टॉर्च खरोखर चालते का, हे मात्र दरवेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच बघायचं. तो माझा हर्शेलचा थर्मामीटर.

काकूने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं करण्यापेक्षा त्या घुबडांना दिसत नाही का काळोखात?" मी म्हटलं, काकू, त्यांना दिसण्याचीही फारशी गरज नसते. रॉजर पेन नावाच्या शास्त्रज्ञाने पूर्ण काळोख्या खोलीत दाखवून दिलंय, गव्हाणी घुबड नुसत्या आवाजावर उंदीर पकडतं. (हाच माणूस पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध झाला.) त्यावर ती म्हणाली, "मग त्यांना दिव्याचं कौतुक नाही, आणि तुम्हाला दिव्याशिवाय करमत नाही."

असो. एप्रिलमध्ये एका रात्री दोन वाजता जोडीतलं एक आलं. तोंडात उंदीर. फळीवर बसलं, मान वळवली आणि लुकलुकणाऱ्या लाल ठिपक्याकडे चांगलं अर्धं मिनिट टक लावून बघत राहिलं. मग आत गेलं. चित्रण बरं आलंय. ताईला दाखवलं. तिने ते पूर्ण पाहिलं आणि विचारलं, "सेल काढलास ना?"

खिसा चाचपून दाखवला.